तळव्याखालचा पोचा

पोरीचं डोकं गुणवंताच्या उजव्या तळव्यात आलं आणि तळवा थबकला. आंघोळीचं पाणी चुलीवर ठेवायचं म्हणून आईनं, चंद्रकलाबाईनं, चार दिवसांची पोर त्याच्या हातात दिली होती आणि 'मान धर नीट' एवढं बोलून ती मागच्या अंगणात गेली होती. त्याची बायको विजयमाला आत बाजेवर झोपली होती. कवेलूंच्या फटीतून आलेलं थंडीतलं ऊन शेणानं सारवलेल्या जमिनीवर पडलं होतं आणि तो भिंतीला टेकून नुसता बसला होता. काही शोधायला म्हणून त्यानं हात फिरवलाच नव्हता. पण हा तळवा गेली कित्येक वर्षं पांढुर्ण्याच्या नागपूर रोडवरच्या गॅरेजात गाड्यांच्या पत्र्यावरून फिरत आला होता, दारांवरून, मडगार्डांवरून, बॉनेटवरून. डोळ्यांना जे दिसत नाही ते या तळव्याला लागायचं. रंग चढवण्याआधी तो डोळे मिटून पत्र्यावरून हात फिरवायचा आणि बोट टेकवून म्हणायचा, इथं अजून हाये. आता त्याच तळव्याला पोरीच्या उजव्या कानाच्या वर, काळ्याभोर जावळाखाली, एक खोलगट जागा लागली. त्यानं हात उचलला. पुन्हा ठेवला. ती तिथंच होती.

त्यानं डावी बाजू पाहिली. तिकडं डोकं भरलेलं, गोल. पुन्हा उजवीकडे. दोन बोटांची टोकं आरामात बसतील एवढा पोचा, पितळी गंजाला पडतो तसा. आणि मग त्याच्या मनानं जे केलं त्याची त्याला दिवसभर शरम वाटत राहिली. मन म्हणालं, कड मोडलेली नाही, घडी पडलेली नाही, पत्रा ताणलेला नाही. रोज सकाळी दारात उभ्या राहिलेल्या गाडीकडे पाहून ते जसं बोलायचं तसंच बोललं. पोर त्याच्या मांडीवर मुठी आवळून झोपली होती, तिच्या अंगाला तेलाचा आणि धुरीतल्या ओव्याचा वास येत होता, आणि बापाच्या मनात पत्रा हा शब्द आला होता. त्याला वाटलं, आपण हात फिरवला नसता तर हे नसतं. त्याच्या हातानं शोधून काढलं म्हणूनच ते झालं. हा विचार खुळा आहे हे त्याला कळत होतं, तरी तो हात त्यानं मांडीखाली दाबून धरला.

चंद्रकलाबाई आली, पाय पसरून बसली, पोरीला पायांवर घेऊन तेल चोळायला लागली. "काय झालं तुह्या तोंडाले?" ती म्हणाली.

"काही नाही. आई, लेकराचं डोकं कसं असते?"

"कसं म्हणजे? मऊ असते. वाकडंतिकडं असते. चोळून चोळून गोल करा लागते. तुहं तर भोपळ्यासारखं होतं." तिचा तेलकट अंगठा कपाळावरून मागे सरकला, कानाच्या वर गेला.

"दाबू नको!" गुणवंता ओरडला. पोर दचकून रडायला लागली. आई त्याच्याकडे पाहतच राहिली. आपल्या आवाजानं तोच घाबरला होता. कामावर उशीर होऊन राहिला असं काहीतरी पुटपुटत त्यानं सायकल काढली. रस्त्यानं जाताना त्याला एकामागून एक माणसं आठवत गेली. सुईण लीलाबाई, तिचे ते राकट हात. आई, जिनं विजयमालेच्या पोटावर हात ठेवून 'जोर लाव' म्हणून सांगितलं होतं. त्या रात्री कळा थांबल्यासारख्या झाल्या तेव्हा लीलाबाईनं आत काय केलं असेल? तो तर बाहेर उंबराच्या झाडापाशी उभा होता. कोणाचा तरी अंगठा रुतला होता. कोणाचा, एवढंच त्याला कळत नव्हतं, आणि ओळखीचा प्रत्येक हात त्याला आता जाड, बेफिकीर वाटत होता.

गॅरेजात रघुनाथरावांची मारुती उभी होती. रघुनाथराव संत्र्यांचे व्यापारी. बगीचे बहारावर असतानाच घ्यायचे, पेट्या भरून इटारसीकडे, दिल्लीकडे धाडायचे. गावात नव्या मारुत्या बोटांवर मोजण्याएवढ्या होत्या, त्यातली ही एक पांढरीशुभ्र. आतल्या सीटांवरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं आणि बाजारात बैलगाडीच्या चाकाचा तुंबा मागच्या दाराला लागला होता. अ‍ॅम्बेसेडर असती तर गुणवंतानं आतली गादी काढून, मागून लोखंडी ठोकळा लावून, हातोडीनं पत्रा बसवला असता, मग पुट्टी, मग घासणं, मग रंग. तो सगळं त्याच पद्धतीनं शिकला होता, त्याच्या उस्तादांकडे, भैय्याजींकडे. पण मारुतीचा पत्रा पातळ. त्याला हातोडी सोसत नाही, एका ठोक्यात तो पसरतो आणि रंग तडकतो. गुणवंताला तोड सापडली होती ती नागपुरात, सीताबर्डीवर. काचेच्या दुकानासमोर दोन माणसं भलीमोठी काच नेत होती, आणि ती त्यांनी कडेला धरली नव्हती, मधोमध चिकटवलेल्या रबरी वाट्यांच्या मुठींना धरली होती. तो रस्त्यात उभा राहून पाहत राहिला होता. हवा काढून घेतली की रबर काचेला असं धरून ठेवतं, तर पत्र्याला का नाही? त्याच दुकानात हातापाया पडून त्यानं तसली एक वाटी मिळवली. वाटीची कड ओली करायची, पोच्याच्या मधोमध दाबायची, आतली हवा निघाली की एका हातानं मूठ ओढायची आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं पोच्याची कड दाबत फिरवायची. मधून ओढ, कडेनं दाब. मग एका क्षणी पत्रा आपल्याआप 'टप्' करून जागेवर यायचा आणि रंगावर ओरखडाही नसायचा. लोक ते पाहायला थांबायचे. त्यालाही तो आवाज आवडायचा. वेडंवाकडं झालेलं काहीतरी आपल्या मूळच्या जागेची आठवण होऊन परत आलं, असं त्याला दर वेळी वाटायचं.

आज वाटी लावली आणि त्याचे हात जड झाले. तो हळू ओढायला विसरला. दोन्ही हातांनी हिसका दिला, आणि पत्रा आला तो नुसता आला नाही, पलीकडे गेला. पोच्याच्या जागी फुगवटा आला. त्यानं तो दाबला तर पुन्हा आत गेला. पुन्हा ओढला तर पुन्हा बाहेर. डबीच्या झाकणासारखं, आत, बाहेर. एवढ्या वर्षांत त्याच्या हातून असं झालं नव्हतं. दारावर वाटीचे गोल वळ उमटले होते. त्यानं वाटी काढली, फडक्यानं हात पुसले आणि पुसतच राहिला. डोळ्यांपुढे दार नव्हतं.

हत्यारांच्या खोक्यात एक लाकडी काडी होती. इंजिनचे व्हॉल्व्ह घासताना ते धरायला मेकॅनिक वापरतात तसली, टोकाला आठाण्याएवढी रबरी वाटी असलेली. बारीक पोचे तो हिनं काढायचा. ती त्याच्या नजरेला पडली आणि त्यानं ती उचलून खिशात टाकली. आपण काय ठरवलं हे त्यानं स्वतःलाही सांगितलं नाही.

भर दुपारी तो घरी आला. आई जाम नदीवर बाळंतिणीची लुगडी धुवायला गेली होती. विजयमाला तशीच झोपलेली, कानाला फडकं बांधलेलं, ओठ सुकलेले. तिच्या कुशीतून त्यानं पोर अलगद उचलली, दाराच्या उजेडात मांडी घातली. काडी त्यानं आधी साबणानं धुतली होती, मग गरम पाण्यानं. रबर मऊ झालं होतं. त्यानं जावळ बाजूला केलं. उजेडात आता तो पोचा डोळ्यांनाही दिसत होता, आणि त्याच्यापुढे, टाळूवर, कातडीखाली काहीतरी धडधडत होतं, खाली-वर, खाली-वर. पत्र्याखाली असं काही नसतं. पत्र्याच्या मागे दार पोकळ असतं. इथं पोकळ नव्हतं. इथं ती होती, सगळीच्या सगळी, तिचं उद्याचं बोलणं, तिची शाळा, रागावणं, त्याला बाबा म्हणणं, सगळं त्या एवढ्याशा जागेच्या मागे अंग चोरून बसलं होतं. तरी त्याला वाटलं, हलकेच. अगदी हलकेच. एकदाच. आपल्याएवढं हे कोणाला येतं? डॉक्टर चिरतील. नागपूरला नेतील, डोकं उघडतील. त्यापेक्षा आपला हात. दार बिघडलं ते हिसक्यामुळे. इथं आपण हिसका देणार नाही.

आणि सवयीनं त्यानं ती काडी तोंडाशी नेली. गॅरेजात तो नेहमी तसंच करायचा, रबराची कड जिभेनं ओली करायची म्हणजे कडेतून हवा शिरत नाही. जिभेला चव लागली. एवढं धुऊनही पेट्रोलची, घासायच्या मलमाची, काळ्या तेलाची. ती कडू चव त्याच्या तोंडभर पसरली आणि त्याच्या अंगावर सरकन काटा आला. तो कोणाच्या डोक्याला काय लावायला निघाला होता! काडी ठेवावी तर हात मोकळा होईना, जणू वाटी त्यालाच चिकटली होती.

"काय करून राहिले जी तुमी?"

विजयमाला उठून बसली होती. तिच्या आवाजात झोप नव्हती. तिनं काडी पाहिली, पोर पाहिली, त्याचं तोंड पाहिलं.

"इचं डोकं," तो म्हणाला, आणि मग सकाळपासूनचं सगळं बाहेर आलं, तळवा, मारुती, दार, आईचा अंगठा, सगळं उलटंसुलटं. "म्या लावलं नाही. आईशपथ लावलं नाही."

ती भिंत धरत जमिनीवर उतरली. त्याच्या हातातली काडी काढून तिनं बाजूला ठेवली, रागानं नाही, लेकराच्या हातातून काही काढून घ्यावं तशी. मग आपलं बोट पोरीच्या कानाच्या वर नेलं. तिच्या गालांवरून पाणी उतरायला लागलं, पण आवाज फुटला तेव्हा तो सरळ होता.

"सकाळपासून एकटेच घेऊन फिरून राहिले हे?"

"तू आत्ताच उठली बाळंतपणातून. तुले कसं सांगू?"

"मलेच सांगाचं असते." तिनं डोळे पुसले. "सौंसरले वंदनाबाई डॉक्टर हायेत. माह्या माहेरच्या, रामाकोन्याच्या, साऱ्या बाया तिथंच जातात. माह्या वहिनीचं लेकरू अडलं होतं, बाईनंच सोडवलं. उठा. गाडी पाहा."

नंतर पुष्कळदा गुणवंताला तो 'उठा' आठवायचा. चार दिवसांची बाळंतीण, जिला धड उभं राहता येत नव्हतं, तिनं त्याला उठवलं होतं. सौंसरची बस निघून गेली होती. तो पळतच गॅरेजात गेला तर रघुनाथराव आपल्या गाडीपाशी उभे, दारावरच्या वळांवरून बोट फिरवत होते.

"का गा गुणवंता, हे काय करून ठेवलं?"

"बिघडलं जी माह्याच्यानं. नीट करून देतो. पण आत्ता नाही. माह्या पोरीच्या डोक्याले..." त्यानं नुसता आपला तळवा पुढे केला, जणू पोचा तिथंच होता.

रघुनाथरावांनी त्याच्याकडे पाहिलं आणि किल्ली काढली. "दार मरू दे. बस."

घराशी गाडी लागली तेव्हा चंद्रकलाबाई नदीवरून आलेली होती. ती दारात आडवी झाली. "अजून सुवेर फिटलं नाही, विटाळ हाये, नव्या गाडीत कशी बसन बाळंतीण? भाऊ, तुमची पूजा केलेली गाडी."

"बाई," रघुनाथराव म्हणाले, "लेकराले कायचं सुवेर? व्हा बाजूले. नाहीतर तुमीबी बसा."

ती बसली नाही. पण वाकून तिनं पोरीच्या पायांना हात लावला, आणि सकाळपासून जिच्यावर तो मनातल्या मनात आरोप करत होता त्या आईचे हात गुणवंताला दिसले. लुगडी धुऊन पांढरे पडलेले, सुरकुतलेले. विजयमालेनं सांगून तिलाही आता कळलं होतं.

दोन्ही बाजूंनी वेचणीला आलेला कापूस आणि संत्र्यांचे बगीचे मागे जात होते. या गाडीत गुणवंता पहिल्यांदाच बसला होता. एवढ्या गाड्या त्यानं बाहेरून हातानं पाहिल्या, पण चालत्या गाडीत आत बसून कुठं जावं असं कधी झालं नव्हतं. खड्डा आला की रघुनाथराव गाडी जवळजवळ थांबवायचे आणि चाक अलगद उतरवायचे. प्रत्येक खड्ड्याला गुणवंताचा श्वास थांबायचा, आणि दर वेळी तो माणूस मान वळवून विचारायचा, "लागलं तर नाही ना तिले?"

वंदनाबाई डॉक्टर ठेंगण्या, केस पिकलेल्या, चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला. त्यांनी पोरीच्या डोळ्यांत बॅटरी मारली, पायांना गुदगुल्या केल्या, हात ओढून सोडून पाहिले, दूध ओढते का, उलटी करते का, हे विजयमालेला विचारलं. मग शेवटी डोक्यावर बोटं ठेवली. गुणवंता त्या बोटांकडे पाहत होता. ती घाईत नव्हती. ती कडेकडेनं फिरली आणि मध्ये थांबली, आणि त्याला एकदम वाटलं, या बोटांना कळतं.

"कोणी पाडलं नाही ना?"

"नाही जी. सुईण होती. तिनंच काही..."

"सुईणीनं काही केलेलं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पोटात असताना डोकं आईच्या हाडाला टेकून राहतं कधी कधी. हाड मऊ असतं, वाकतं. कोणाची चूक नाही ही. सगळं बाकीचं चांगलं आहे तिचं." त्यांनी पुन्हा एकदा बोट त्या जागेवर टेकवलं. "काही वेळा आपोआप वर येतं. पण हे जरा खोल आहे. मी एक करून बघते. नागपूरला आमचे सर करायचे, त्यांच्या हाताखाली मीही केलंय. नाही आलं तर तुम्ही उद्या नागपूरला जायचं. कबूल?"

विजयमालेनं मान हलवली. डॉक्टरबाईंनी कपाट उघडून जे काढलं ते पाहून गुणवंता एक पाऊल मागे सरला. ज्यांचं दूध साठून राहतं त्या बायांसाठी असतो तसा पंप. काचेचं गोल तोंड आणि मागे रबरी फुगा. रबर. हवा. त्याला हसावं की पळावं कळेना.

"तुम्ही काय करता?" फुगा उकळत्या पाण्यातून काढता काढता त्यांनी विचारलं.

"डेंटिंग, जी. गाड्यांचे पोचे काढतो. असंच, रबरानं."

त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच त्या हसल्या. "मग तुम्हाला सगळं समजेल. म्हणूनच सांगते, एक शब्द बोलायचा नाही."

तो बोलला नाही. विजयमालेनं पोरीला मांडीवर धरलं, डॉक्टरबाईंनी काचेच्या कडेला व्हॅसलीन लावलं, फुगा दाबला, तोंड डोक्यावर टेकवलं आणि फुगा सोडायला लागल्या. हळू. इतका हळू की त्याला वाटलं त्या सोडतच नाहीत. त्याचे स्वतःचे अंगठे आपोआप हलत होते, कड दाबत होते. त्यानं ते मुठीत कोंडले. पोर रडली. काचेतून जावळ वर ओढलेलं दिसत होतं. मग त्या थांबल्या, हवा आत घेतली, तोंड उचललं, बोटानं पाहिलं, आणि पुन्हा टेकवलं. गुणवंता त्या आवाजाची वाट पाहत होता. साऱ्या अंगाचा कान करून तो 'टप्'ची वाट पाहत होता, कारण तो आवाज झाल्याशिवाय काही जागेवर आलेलं त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं. बाहेर कोणीतरी हापशावर पाणी भरत होतं. पोर रडत होती. आवाज झालाच नाही. डॉक्टरबाईंनी पंप बाजूला ठेवला, आणि तो मनातल्या मनात नागपूरच्या गाडीत चढला.

"या इकडे," त्या म्हणाल्या. "हात लावून पाहा."

"म्या?"

"तुम्हीच. तुम्हाला कळेल ना."

त्यानं पँटला तळवा पुसला. मग त्यांनी दाखवलेल्या नळावर जाऊन साबणानं धुतला. परत आला आणि डोळे मिटले. उजव्या कानाच्या वर, काचेनं उमटवलेला लालसर वळ होता, उबदार. वळाच्या आत गोल होतं. पुन्हा फिरवला. गोल. तळव्याला काही लागेना, तो जावळावरून नुसता सरकत गेला, मागे, मानेपर्यंत. इथं अजून हाये, असं म्हणायला त्याला जागाच मिळेना.

विजयमाला त्याच्याकडे पाहत होती. त्यानं मान हलवली आणि ती तोंडाला पदर लावून रडायला लागली. डॉक्टरबाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली, आठवड्यानं पुन्हा दाखवायला सांगितलं, झटके आले किंवा दूध सोडलं तर लगेच या म्हणाल्या, तेलाचा अंगठा जोरात लावू नका म्हणाल्या. गुणवंता वाकून त्यांच्या पायांकडे गेला तर त्या मागे सरल्या. "मी तुमच्याकडे गाडी आणते ना एखाद दिवस," त्या म्हणाल्या, "तेव्हा मला तुमच्या पाया पडायला लावाल का?" त्याच्या तोंडून फक्त 'येतो जी' एवढंच निघालं.

परतताना जामसांवलीच्या फाट्यावर रघुनाथरावांनी गाडी उभी केली. "मारोतीले हात जोडून येतो," ते म्हणाले. मग जरा घोटाळले. "तू येतो का? नाही, तुमचं तसं नसते ना. बस. मी तुह्याही नावानं जोडतो."

ते गेले. विजयमाला मागच्या काचेला डोकं टेकून झोपली होती, तोंड थोडं उघडं. पोर गुणवंताच्या मांडीवर होती. त्याच्या घरी भिंतीवर भगवंताची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, आई रोज संध्याकाळी बुद्धवंदना म्हणायची, पण कोणाकडे काही मागायचं नाही हे तो लहानपणापासून ऐकत आला होता, आणि मागायचं नव्हतंच आता. मागायचं सगळं संपलं होतं. द्यायचं उरलं होतं. छातीत एवढं भरून आलं होतं आणि ते ठेवायचं कुठं हे त्याला कळेना. डॉक्टरबाईंना द्यायला गेला तर त्यांनी हसण्यावारी नेलं. विजयमालेला दिलं तर ती म्हणेल, मंग काय झालं? रघुनाथरावांना, ज्यांचं दार त्यानं बिघडवलं आणि जे आत्ता त्याच्या नावानं देवळात उभे होते. लीलाबाईला, जिचे हात त्यानं दिवसभर दोषी धरले आणि ज्या हातांवर ही जगात आली. आईला. जिभेला लागलेल्या त्या कडू चवीलासुद्धा. या सगळ्यांमध्ये तो ते वाटून पाहत होता, पण वाटून ते कमी होत नव्हतं. संत्र्याची गाडी रिकामी करावी आणि ताडपत्रीखाली अजून पेट्या निघत राहाव्यात तसं. त्यानं ते तसंच राहू दिलं. बाहेर फुलंवाल्या बाया ओरडत होत्या, उन्हाला तिरपेपणा आला होता.

मांडीवर काहीतरी हललं. त्यानं खाली पाहिलं आणि त्याच्या ध्यानात आलं, सकाळपासून त्यानं हिचं तोंड पाहिलंच नव्हतं. दिवसभर त्याच्यासाठी ती फक्त एक डोकं होती, आणि डोक्यातली एक जागा. आता ती जागी होती. भुवया जवळजवळ नव्हत्याच. वरच्या ओठावर दूध ओढून ओढून पांढरा फोड आला होता. नाक बसकं, त्याच्या स्वतःसारखं. डोळे मोठे करून ती त्याच्या खांद्यापलीकडच्या उजेडाकडे पाहत होती, कपाळाला आठ्या घालून, जणू तो उजेड तिला फारसा पटला नव्हता. मग तिचं सगळं तोंड एका जागी गोळा झालं, आणि ती शिंकली. एवढ्याशा अंगातून एवढी मोठी शिंक.

गुणवंता मोठ्यांदा हसला. विजयमाला दचकून जागी झाली.

"काय झालं?"

"काही नाही. शिंकली."

"मंग?"

"मंग काही नाही," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसू थांबत नव्हतं. "शिंकली ना वं ती."